पंधरा आणि पन्नास वर्षांच्या मध्ये : मारुती ८०० आणि आजची छोटी मोटार

राजधानी दिल्लीच्या नैर्ऋत्य भागात बाह्य वर्तुळाकार मार्गाला लागून मुनिरका वसले आहे. एका बाजूला जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला रामकृष्णपुरममधील सरकारी निवासस्थाने, आणि मधोमध जुने गाव व दिल्ली विकास प्राधिकरणाची वसाहत असे या परिसराचे स्वरूप आहे. वसाहतीची आखणी झाली त्या काळात मोटार ही चैनीची वस्तू होती. आज तेथील अंतर्गत रस्त्यांच्या दोन्ही कडांना मोटारींच्या रांगा लागलेल्या असतात. अशा रांगेत एखादी जुनी मारुती ८०० आणि तिच्या शेजारी नव्या पिढीची ऑल्टो के-१० उभी असणे ही नवलाची गोष्ट नाही.

दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या आहेत. दोन्हींना तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आहे आणि दोन्ही आपापल्या काळात मध्यमवर्गीय कुटुंबाची पहिली मोटार म्हणून घेतल्या गेल्या. मात्र कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यात मोठे अंतर आहे. दुसरी गाडी देशभर कोठेही नेता येते. पहिली दिल्लीत नोंदलेली असेल, तर तिला राजधानीच्या रस्त्यावर धावण्याचा अधिकार उरलेला नाही. तिच्यावर ‘जुनी’ असा शिक्का बसला आहे, परंतु ‘व्हिंटेज’ म्हणवून घेण्याइतकी ती अद्याप जुनी झालेली नाही. ही कोंडी कशी निर्माण झाली आणि दोन गाड्यांमध्ये नेमका फरक काय, याचा हा आढावा.

‘व्हिंटेज’ कोणाला म्हणावे?

जुन्या मोटारींच्या जगभरातील अभ्यासकांमध्ये ‘व्हिंटेज’ हा शब्द साधारणतः पहिल्या महायुद्धानंतर १९३० पर्यंत तयार झालेल्या गाड्यांसाठी वापरला जातो. बोलण्यात मात्र तो कोणत्याही जुन्या गाडीला सर्रास लावला जातो. भारतात या शब्दाला कायदेशीर अर्थ मिळाला तो २०२१ मध्ये. त्या वर्षी जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करण्यात आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेले आणि मूळ स्वरूपात जतन केलेले खासगी दुचाकी अथवा चारचाकी वाहन ‘व्हिंटेज’ मानावे, असे या दुरुस्तीने ठरविले. अशा वाहनाच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये आणि नूतनीकरणासाठी ५ हजार रुपये शुल्क असून नोंदणी दहा वर्षे वैध राहते. प्रदर्शन, शर्यतवजा फेरी, इंधन भरणे किंवा दुरुस्ती यांसाठीच ही गाडी रस्त्यावर आणता येते. रोजच्या कामासाठी अथवा व्यवसायासाठी तिचा वापर करता येत नाही.

या व्याख्येत बसणारी आपल्याकडील छोटी मोटार म्हणजे मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने ती बनविली. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि सुकाणूच्या दांड्यावरच बसविलेला गिअर ही तिची ओळख होती. १९७० च्या दशकात तिचे नामकरण ‘प्रीमियर पद्मिनी’ असे झाले आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती मुंबईच्या जीवनाचा भाग बनली. मुंबईतील टॅक्सींना वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंद ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी दिसेनाशी झाली. तिच्याच कुळातील, १९७० पूर्वी नोंदलेली आणि नीट जपलेली एखादी खासगी फियाट मात्र आज ‘व्हीए’ क्रमांक मिळवू शकते.

मारुती ८०० चा प्रश्न येथेच सुरू होतो. पहिली मारुती रस्त्यावर आली ती १९८३ च्या डिसेंबरमध्ये. म्हणजे मारुती कुळातील सर्वांत ज्येष्ठ गाडीलाही ‘व्हिंटेज’ होण्यासाठी २०३३ सालाची वाट पाहावी लागणार आहे.

मुनिरकाच्या परिसरातील इतिहास

मारुती उद्योग या सरकारी कंपनीची स्थापना फेब्रुवारी १९८१ मध्ये झाली. जपानच्या सुझुकी कंपनीशी २ ऑक्टोबर १९८२ रोजी करार झाला आणि सुझुकीने सुरुवातीला २६ टक्के भागभांडवल घेतले. १९८३ मध्ये नोंदणी खुली होताच अवघ्या दोन महिन्यांत सुमारे १ लाख ३५ हजार ग्राहकांनी पैसे भरले. त्या काळी मोटारीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागत असे आणि बाजारात निवड होती ती प्रामुख्याने ॲम्बॅसडर व पद्मिनी या दोन गाड्यांचीच. हे लक्षात घेतले, म्हणजे या आकड्याचे महत्त्व कळते.

१४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली हरपाल सिंग यांना देण्यात आली. इंडियन एअरलाइन्सचे हे कर्मचारी दिल्लीच्या ग्रीन पार्क भागात राहत असत. मुनिरकापासून ही वस्ती काही किलोमीटरवरच आहे. हरपाल सिंग यांनी ती गाडी अखेरपर्यंत विकली नाही. २०१० मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ती बरीच वर्षे दुर्लक्षित अवस्थेत उभी होती. पुढे कंपनीने तिची मूळ स्वरूपात दुरुस्ती केली आणि २०२२ मध्ये ती आपल्या मुख्यालयात प्रदर्शनासाठी ठेवण्यात आल्याचे जाहीर झाले. हे मुख्यालय वसंत कुंज येथे नेल्सन मंडेला मार्गावर आहे. मुनिरकाकडून निघणाऱ्या याच मार्गाने गेल्यास काही मिनिटांत तेथे पोहोचता येते. देशातील पहिली मारुती ८०० काचेपलीकडे मानाने उभी आहे आणि तिच्या धाकट्या बहिणी जवळच्याच वसाहतीत कारवाईच्या टांगत्या तलवारीखाली आहेत, असे हे चित्र आहे.

१९८६ मध्ये ८०० चे नवे, अधिक गोलसर रूप आले. आजही अनेकांच्या डोळ्यांसमोर उभी राहते ती हीच गाडी. २००० मध्ये ऑल्टो बाजारात आली आणि काही वर्षांतच विक्रीत तिने ८०० ला मागे टाकले. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीसह तेरा शहरांत ‘भारत स्टेज-४’ ही प्रदूषणविषयक मानके लागू झाली. ८०० चे इंजिन त्यांनुसार बदलण्याऐवजी कंपनीने या शहरांतील तिची विक्रीच थांबविली. अखेर जानेवारी २०१४ मध्ये उत्पादनही बंद झाले. तोपर्यंत २८ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या.

आकार : एका वितीचा फरक

१९८६ नंतरच्या मारुती ८०० ची लांबी ३,३३५ मिलिमीटर, रुंदी १,४४० मिलिमीटर आणि उंची १,४०५ मिलिमीटर होती. २०२२ मध्ये आलेल्या ऑल्टो के-१० ची लांबी ३,५३० मिलिमीटर, रुंदी १,४९० मिलिमीटर आणि उंची १,५२० मिलिमीटर आहे. लांबीतील फरक १९५ मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम एका वितीचा. रुंदीतील फरक दोन इंचांइतका. पुढील व मागील चाकांमधील अंतर मात्र २,१७५ वरून २,३८० मिलिमीटरपर्यंत वाढले आहे. वाढलेली जवळजवळ सगळी लांबी प्रवाशांच्या वाट्याला आली, असा याचा अर्थ. मागे बसणाऱ्याचे गुडघे ८०० मध्ये पुढील आसनाला टेकत. नव्या गाडीत ती अडचण पुष्कळ कमी झाली आहे. छत उंच झाल्याने वयस्कर व्यक्तींना आत-बाहेर करणेही सोपे झाले आहे.

वळण घेण्याची त्रिज्या दोन्ही गाड्यांमध्ये साडेचार मीटरच्या आसपास आहे. त्यामुळे मुनिरका गावातील अरुंद गल्लीत गाडी फिरविण्याच्या दृष्टीने दोघींमध्ये डावे-उजवे करता येत नाही. वजन मात्र साधारण ६५० किलोवरून साडेसातशे किलोच्या घरात गेले आहे. शंभर किलोंची ही भर मुख्यतः मोठ्या सांगाड्याची, मोठ्या इंजिनाची, वातानुकूलन यंत्रणेची आणि सुरक्षेच्या साधनांची आहे.

तरीही आजच्या बाजारात ऑल्टो सर्वांत लहान मोटारींत मोडते, हे ध्यानात घ्यायला हवे. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल मोटारींना ‘छोटी मोटार’ ठरवून अबकारी करात सवलत दिली. तेव्हापासून चार मीटर ही जणू लक्ष्मणरेषा बनली आणि कंपन्या तिच्या अगदी काठापर्यंत लांबीच्या गाड्या बनवू लागल्या. ‘छोटी’ या शब्दाचा अर्थ असा हळूहळू बदलत गेला. वसाहतीतील वाहनतळाची जागा मात्र तेवढीच राहिली.

इंजिन : कान आणि पान्यापासून संगणकापर्यंत

मारुती ८०० चे इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे असून त्यातून सुमारे ३७ अश्वशक्ती मिळत असे. ऑल्टो के-१० चे ९९८ घनसेंटिमीटरचे इंजिन सुमारे ६६ अश्वशक्ती देते. इंजिनाचा आकार एक चतुर्थांशाने वाढला, तर शक्ती जवळजवळ पावणेदोनपट झाली. हा फरक मुख्यतः इंधन जाळण्याच्या पद्धतीतून आला आहे.

जुन्या ८०० मध्ये कार्ब्युरेटर असे. इंजिनाने आत ओढलेली हवा एका अरुंद नळीतून जाते, तिचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि त्या ओढीने पेट्रोल बारीक छिद्रातून वर येऊन हवेत मिसळते, असे त्याचे सोपे तत्त्व आहे. परंतु हवा किती थंड आहे, इंजिन किती तापले आहे, गाडीवर भार किती आहे, याची कार्ब्युरेटरला फारशी जाणीव नसते. दिल्लीच्या जानेवारीतील धुक्याच्या सकाळी ‘चोक’ ओढून, दोन-तीन वेळा किल्ली फिरवून गाडी सुरू करावी लागे ती यामुळेच. चोक ओढणे म्हणजे हवा कमी करून मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण हाताने वाढविणे.

दिल्लीत १९९९ व २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मानके कडक झाली आणि ८०० मध्येही इंधन फवारणारी यंत्रणा आली. आजच्या गाडीत तिची पुढची पायरी आहे. वाहून आलेली हवा, इंजिनाचे तापमान आणि धुराच्या नळीतील उरलेला प्राणवायू यांची नोंद संवेदक सतत घेतात. एक छोटा संगणक त्यावरून प्रत्येक फवाऱ्यातील पेट्रोलचे प्रमाण ठरवितो. परिणामी इंधन वाया जात नाही. नव्या ऑल्टोची प्रमाणित सरासरी लिटरमागे २४ किलोमीटरहून अधिक आहे. ही चाचणीतील आकडेवारी असून दिल्लीच्या रहदारीत ती बरीच खाली येते. उत्तम निगा राखलेल्या ८०० कडून मालक साधारण सोळा ते अठरा किलोमीटरची अपेक्षा ठेवत. अधिक वजनदार आणि अधिक शक्तिमान गाडी कमी पेट्रोल पिते, हे या संगणकाचे श्रेय आहे.

त्याची दुसरी बाजूही आहे. कार्ब्युरेटरची ८०० बिघडली, तर गल्लीच्या तोंडाशी बसणारा कारागीर आवाज ऐकून दोष ओळखत असे. पान्यांचा संच, प्लग पुसायला कापड आणि अनुभवी कान एवढ्यावर काम भागे. नव्या गाडीच्या दुरुस्तीला निदानयंत्र जोडावे लागते आणि अनेकदा सुटा भाग दुरुस्त न करता बदलावा लागतो. बिघाड कमी होतात, पण झालेला बिघाड सामान्य कारागिराच्या हातात राहत नाही. ८०० भारतभर पसरली त्याला तिच्या किमतीइतकेच कारण म्हणजे तिची दुरुस्ती कोणत्याही तालुक्याच्या गावी होऊ शके.

धूर : निर्णायक फरक

दोन गाड्यांची खरी तुलना धुराच्या नळीपाशी होते. देशात पेट्रोल मोटारींसाठी उत्सर्जनाची पहिली मानके १९९१ मध्ये लागू झाली. त्यांनुसार वाहनाच्या वजनाप्रमाणे किलोमीटरमागे १४.३ ते २७.१ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड सोडण्यास मुभा होती. २००० मधील मानकांनी ही मर्यादा २.७२ ग्रॅमवर आणली. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या ‘भारत स्टेज-६’ मानकांत ती एक ग्रॅम आहे. १९९१ ची सर्वांत कडक मर्यादाही आजच्या चौदापट होती.

ही घट दोन गोष्टींमुळे शक्य झाली. पहिली म्हणजे अचूक इंधन फवारणी. दुसरी म्हणजे धुराच्या मार्गात बसविलेले उत्प्रेरक उपकरण, अर्थात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप दिलेल्या जाळीतून धूर जाताना विषारी वायूंचे तुलनेने निरुपद्रवी वायूंत रूपांतर होते. पेट्रोलमधील शिशाने हा लेप निकामी होत असल्याने १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या मोटारींसाठी हे उपकरण सक्तीचे करताना शिसेविरहित पेट्रोलही आणावे लागले. फेब्रुवारी २००० पासून देशभरातून शिसेयुक्त पेट्रोल हद्दपार झाले. इंधनातील गंधकाचे प्रमाणही ‘स्टेज-४’ मधील दशलक्ष भागांत ५० वरून ‘स्टेज-६’ मध्ये १० वर आले आहे.

“माझ्या गाडीकडे पीयूसी प्रमाणपत्र आहे, मग ती प्रदूषण करते असे कसे म्हणता?” असा प्रश्न जुन्या गाडीचे मालक नेहमी विचारतात. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु या चाचणीत प्रत्येक गाडी तिच्या काळच्या मर्यादेशी ताडून पाहिली जाते. पूर्वीच्या मानकांच्या जुन्या मोटारीच्या धुरात उभ्या स्थितीत ३ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालते. ‘स्टेज-४’ आणि त्यापुढील मोटारीसाठी ही मर्यादा ०.३ टक्के आहे. दोघींच्या हाती उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र असले, तरी दोघींची परीक्षा एक नसते. नायट्रोजनच्या ऑक्साइडची मोजणी तर या साध्या चाचणीत होतच नाही.

सुरक्षितता : पत्र्याची जाडी आणि गैरसमज

‘जुन्या गाड्यांचा पत्रा मजबूत असे’ हे विधान सर्वत्र ऐकू येते. पद्मिनी किंवा ॲम्बॅसडरच्या बाबतीत पत्रा जाड होता हे खरे, पण मारुती ८०० पहिल्यापासून हलकी गाडी होती. शिवाय अपघातात प्रवाशाचे रक्षण केवळ पत्र्याच्या जाडीने होत नाही. गाडीचा पुढचा भाग ठरल्याप्रमाणे चुरगळून धडकेची ऊर्जा शोषून घेतो आणि प्रवाशांचा कक्ष ताठ राहतो, असा सांगाडा असावा लागतो. सीटबेल्ट शरीराला धरून ठेवतो आणि एअरबॅग डोक्याचा व छातीचा आघात कमी करते. मारुती ८०० मध्ये एअरबॅग नव्हती आणि चाके घसरू न देणारी एबीएस प्रणालीही नव्हती.

या सुविधा आपल्याकडे कायद्याच्या रेट्याने आल्या. २०१९ मध्ये एबीएस व चालकासाठी एअरबॅग, आणि २०२१ मध्ये शेजारच्या प्रवाशासाठीही एअरबॅग बंधनकारक झाली. मार्च २०२५ पासून ऑल्टो के-१० च्या सर्व प्रकारांत सहा एअरबॅग देण्यात आल्या. मात्र छोटी मोटार आता पूर्ण सुरक्षित झाली असे समजणे चुकीचे ठरेल. ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेच्या २०१४ मधील चाचणीत ऑल्टो ८०० ला एकही तारा मिळाला नव्हता. २०२३ मध्ये दोन एअरबॅग असलेल्या ऑल्टो के-१० ला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी दोन तारे मिळाले, तर बालकांच्या सुरक्षेसाठी एकही मिळाला नाही. प्रगती झाली आहे, पण ती पुरेशी नाही.

किंमत

१९८३ मध्ये मारुती ८०० ची कारखान्यातील किंमत ४७,५०० रुपये होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि ऑल्टो के-१० ची विक्रीदालनातील आरंभीची किंमत ३ लाख ६९ हजार ९०० रुपये झाली. दोन्ही किमतींचे स्वरूप सारखे नसल्याने तुलना ढोबळच राहील. तरी आकडा आठपटीच्या आत राहिला आहे आणि या बेचाळीस वर्षांत सर्वसाधारण महागाई त्याहून पुष्कळ अधिक वाढली आहे. सुविधा वाढूनही छोटी मोटार प्रत्यक्षात स्वस्तच झाली, असे यावरून म्हणता येईल.

जुनी गाडी ठेवणाऱ्याचा खर्च मात्र वेगळ्या दिशेने वाढतो. त्यात अलीकडे इंधनाची भर पडली आहे. देशात आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र मिळते. इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि जुन्या पद्धतीच्या रबरी नळ्या व गॅस्केटना ते मानवत नाही. त्यामुळे जुन्या ८०० च्या मालकाने इंधननळ्या वेळोवेळी तपासून बदलणे आणि गाडी महिनोन्महिने भरल्या टाकीने उभी न ठेवणे हिताचे आहे.

पंधरा वर्षांची रेषा

राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ व २०१५ मध्ये दिलेल्या आदेशांनुसार राजधानी परिक्षेत्रात पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल आणि दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांना मनाई झाली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. १ जुलै २०२५ पासून अशा वाहनांना दिल्लीतील पंपांवर इंधन न देण्याची कार्यवाही कॅमेऱ्यांच्या साहाय्याने सुरू झाली, पण तांत्रिक अडचणी आणि नागरिकांची नाराजी यांमुळे ती काही दिवसांतच थांबविण्यात आली. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे सक्तीची कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यायालयाने हे संरक्षण ‘स्टेज-४’ आणि त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते मर्यादित केले.

मारुती ८०० च्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. दिल्लीत तिची विक्री ‘स्टेज-४’ लागू होतानाच, एप्रिल २०१० मध्ये थांबली. म्हणजे दिल्लीत नोंदलेल्या जवळपास प्रत्येक ८०० ने २०२५ च्या एप्रिलपर्यंत पंधरा वर्षे ओलांडली आणि तिचे इंजिन ‘स्टेज-३’ किंवा त्याआधीचे आहे. वयाची आणि मानकाची, अशा दोन्ही चाळण्यांतून ती खाली गळते.

गाडी न चालविता नुसती जपून ठेवायची म्हटले, तरी अडचण आहे. सार्वजनिक जागेत उभी असलेली मुदतबाह्य वाहने जप्त करण्याची तरतूद दिल्ली सरकारच्या २०२४ मधील मार्गदर्शक तत्त्वांत आहे. चारचाकी वाहन सोडवून घेण्यासाठी १० हजार रुपये दंड आणि गाडी खासगी जागेत ठेवण्याची अथवा राज्याबाहेर नेण्याची हमी द्यावी लागते. सामायिक वाहनतळ हा खासगी जागा म्हणून धरला जात नाही. बंगल्याच्या आवारात गाडी ठेवू शकणाऱ्यास हे परवडते. मुनिरकासारख्या सदनिकांच्या वसाहतीत, जिथे गाडी खालच्या सामायिक रस्त्यावरच उभी राहते, तिथे मालकाकडे पर्यायच उरत नाही. जुनी मोटार जतन करण्याचा छंद त्यामुळे आपोआप मोठ्या आवाराच्या मालकांपुरता सीमित होतो.

महाराष्ट्रातील स्थिती वेगळी आहे. तेथे पंधरा वर्षांनंतर तपासणी करून, पर्यावरण कर आणि शुल्क भरून खासगी मोटारीच्या नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. साताऱ्यात किंवा अकोल्यात रीतसर फिरणारी ८०० मुनिरकात मात्र बेकायदा ठरते. दिल्लीतील अनेक मालकांनी ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन आपली गाडी अन्य राज्यात धाडली आहे. गाडी वाचते, पण धूर दुसऱ्या गावाला जातो, हेही खरे. मान्यताप्राप्त केंद्रात गाडी मोडीत काढल्यास मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी वाहनाच्या पथकरात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. जुन्या सांगाड्यात मान्यताप्राप्त विद्युत संच बसविण्याची मुभाही दिल्लीत आहे, परंतु त्याचा खर्च ८०० च्या बाजारमूल्याहून कितीतरी जास्त होतो.

निष्कर्ष काय?

रोजच्या वापरासाठी नवी छोटी मोटार जुनीपेक्षा सरस आहे, याविषयी शंका राहत नाही. ती कमी धूर सोडते, कमी पेट्रोल घेते आणि अपघातात बचावाची अधिक संधी देते. हिवाळ्यात दिल्लीची हवा ज्यांनी श्वासात घेतली आहे, त्यांना धुराच्या मर्यादेचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. लहान आकार, हलके वजन आणि सोपी दुरुस्ती हे ८०० चे गुण होते. ते कोणत्याही मानकात मोजले जात नाहीत आणि बाजारातूनही ते हळूहळू लोप पावत आहेत.

प्रश्न उरतो तो न वापरल्या जाणाऱ्या, केवळ जपलेल्या गाडीचा. किलोमीटरमागे दहापट धूर सोडणारी गाडी दशांश अंतर धावली, तर तिचे एकूण उत्सर्जन नव्या गाडीइतकेच राहते. आणि महिन्यातून एकदा शंभर पावले पुढे-मागे करणाऱ्या गाडीचे तर त्याहून कितीतरी कमी. वयाच्या नियमात हा हिशेब नाही. वर्षाकाठी ठरावीक अंतराची मर्यादा घालून, विशेष क्रमांक देऊन अशा गाड्यांना परवानगी देण्याची पद्धत आखता येऊ शकते. ‘व्हीए’ क्रमांकामागे तोच विचार आहे. फक्त तो पन्नास वर्षांनंतर सुरू होतो.

पंधराव्या वर्षी रस्ता बंद होतो आणि पन्नासाव्या वर्षी संग्रहालयाचे दार उघडते. मधली पस्तीस वर्षे गाडी कोठे ठेवायची, याचे उत्तर नियमांत नाही. भारतीय मध्यमवर्गाला चार चाकांवर आणणाऱ्या गाडीच्या २८ लाख प्रतींपैकी २०३३ नंतर ‘व्हिंटेज’ म्हणून किती शिल्लक राहतील, हे त्या उत्तरावरच अवलंबून आहे.